12 ऑक्टोबरपर्यंत: विदर्भाच्या 62 आमदारांना जाहीर इशारा

विदर्भातल्या 62 आमदारांनो, तुम्हाला येत्या 12 ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. त्या दिवशी जागतिक अस्वल दिन असतो. 2022 पासून तो पाळला जातो. त्या दिवशी शुभेच्छांचा फोटो टाकू नका. आम्हाला विधिमंडळ सचिवालयात दिलेल्या विधेयकाच्या सूचनेची प्रत हवी आहे आणि तिच्यावर तुमची सही हवी आहे. मंत्री नसलेला कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. तुमच्यातले जे मंत्री आहेत त्यांनी सरकारी विधेयक आणावं, त्यांना तर कोणी अडवलेलंच नाही. विधेयकाचा विषय एकच: अस्वल आणि अस्वल जिथे राहतं ती जमीन. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. 1953 च्या नागपूर करारानं तुम्हाला दरवर्षी आमच्या दारात यायचं बंधन घातलं आहे. या वर्षी रिकाम्या हातानं येऊ नका.

इशारा हा शब्द आपल्याकडे पार झिजलेला आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. कापसाच्या भावापासून एसटीच्या थांब्यापर्यंत प्रत्येक निवेदनाच्या तळाशी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ ही ओळ असते. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टला ती न सांगताच टाइप करता येते. अधिवेशनात मोर्चे निघतात, टेकडी रोडला पोलीस अडवतात, एखादे मंत्री येऊन निवेदन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं माणसं आपापल्या गावी परततात. आम्हीही असे परतलो आहोत, एकदा नव्हे. म्हणून या वेळी ‘तीव्र’ म्हणजे नेमकं काय करणार, ते खाली सांगितलं आहे. त्याआधी कारण ऐका.

आमच्या गावात एक मावशी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला आमचं गाव. मावशींचं नाव मी लिहिणार नाही, पण सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात कुठल्याही गावात जा, अशी एखादी मावशी किंवा एखादा काका तुम्हाला भेटेल. एप्रिलचा महिना होता. मोहफूल रात्रीतून गळतं आणि उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं, म्हणून त्या अंधारातच टोपली घेऊन निघाल्या. झाडाखाली वाकून वेचत होत्या. त्याच झाडाच्या पलीकडच्या अंगाला अस्वल मान खाली घालून तेच मोहफूल खात होतं. बुंधा मध्ये होता. त्यांच्या एका डोळ्याची खोबण आता रिकामी आहे आणि वरचा ओठ नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीची कातडी लावून शिवला आहे. बोलताना त्या पदर तोंडाशी धरतात. मी एकदा विचारलं, राग येतो का. त्या म्हणाल्या, “कायचा राग? त्यानं मले पाह्यलं नाही, मी बी त्याले पाह्यलं नाही.”

आमदारसाहेब, अस्वलाबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही सरकारी कागदात यापेक्षा अचूक वाक्य मला सापडलेलं नाही.

आपलं अस्वल माणसाच्या मागावर फिरत नाही. त्याचं तोंडच मुळी वेगळ्या कामासाठी घडलेलं आहे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या खिडकीतून ते वाळवी ओढून घेतं. वारूळ लांब नखांनी फोडायचं, आधी जोरात फुंकून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि मग ओठांची नळी करून वाळवी आत खेचायची. हा फुरफुराट आणि सुसकारा रात्रीच्या शांततेत शंभर-दीडशे मीटरवरूनही ऐकू येतो. पण डोकं वारुळात घातलेल्या अस्वलाला त्या आवाजात तुमची पावलं ऐकू येत नाहीत. त्याची नजरही यथातथाच. दोन हातांवर माणूस दिसला की ते दचकतं. दचकलेलं हरीण पळतं. अस्वल पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या जंगलात वाढलेलं आहे. वाघापुढे पळून जीव वाचत नाही हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि समोरच्याच्या तोंडावर झडप घालतं. पाठीवर पिल्लं असतील तर विचारूच नका. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिल्लं बाहेर पडली की आईच्या पाठीवरच्या केसांना धरून कित्येक महिने हिंडतात, आणि नेमकी ती पाठीवर असतात तेव्हाच मोहाचा हंगाम येतो.

बाई आणि अस्वल एकाच झाडाखाली एकाच घटकेला का आले? कारण झाडं कमी उरली. हा सगळा लेख या एका उत्तराचा आहे.

कायद्यानं अस्वलाला काय दिलं आहे ते पाहा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला बसलेलं आहे. त्याची शिकार केली तर किमान 3 वर्षं आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजारांचा दंड. कागदावर यापेक्षा वरचा पाट नाही. त्याच कायद्यात ‘अधिवास’ या शब्दाचीही व्याख्या आहे: वन्यप्राण्याचं नैसर्गिक घर असलेली जमीन, पाणी, वनस्पती. वाचायला फार छान वाटतं. पण अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर त्या व्याख्येला दात नाहीत. म्हणजे अस्वलाला गोळी घातली तर तुरुंग. त्याची टेकडी मुरमासाठी पोखरली, गुहेवर जेसीबी चालवला, वारुळं सपाट केली, मोह आणि टेंभुर्णी तोडून तिथे सागाच्या रांगा लावल्या, तर टेंडर. कातडी वाचवणारा आणि ताट काढून घेणारा असा हा कायदा आहे.

वाघाचं तसं नाही. 2006 च्या दुरुस्तीनं वाघाला स्वतःचं प्राधिकरण मिळालं. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामासाठी वळवायची असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि त्या प्राधिकरणाचा सल्ला लागतो. तरीही जमिनी वळवल्या जातात, हे वेगळं. पण निदान कुणाला तरी विचारावं लागतं. दर चार वर्षांनी कॅमेरे लावून देशभर मोजणी होते, म्हणून 2022 च्या मोजणीत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले हे पोराटोरांना पाठ आहे. अस्वलाच्या नशिबी अशी देशव्यापी मोजणी नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलेला हौशी पाहुणा कागदावर ‘अस्वल’ या शब्दापुढे एक रेघ ओढतो. त्या रेघेच्या जिवावर तुम्ही सभागृहात उत्तरं देता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अंदाजानुसार या जातीची अस्वलं सगळ्या जगात मिळून 20 हजारांच्या आतच असावीत, आणि त्यातली बहुतेक भारतात आहेत. बांगलादेशातून ती संपली. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल की आमच्याकडे भरपूर आहेत.

2012 साली केंद्रानं अस्वलांसाठी राष्ट्रीय संवर्धन व कल्याण कृती आराखडा काढला होता. आराखडा म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला तर कुणाला शिक्षा होत नाही, आणि पाळला तर कुणाची बढती होत नाही.

आता झुडपीचं. हा शब्द ऐकला की तुमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मुद्दाम थांबून बोलतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या जमिनी आहेत. त्यातल्या 86 हजार हेक्टरांहून अधिक जमिनीला जंगल समजू नका, असं राज्य सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं. झुडपीमुळे विदर्भाचा विकास अडला, अनुशेष वाढला, अशी भाषणं आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत. आणि 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: झुडपी हे जंगलच आहे, 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाप्रमाणे ती वनजमीनच समजायची. आधी ज्या गरिबांची घरं, शाळा, दवाखाने तिथे उभे राहिले त्यांच्यासाठी वाट ठेवून न्यायालयानं हे सांगितलं, हेही लक्षात असू द्या. गरिबाला पुढे करून त्याच्यामागे लपायची तुमची जुनी सवय आता चालणार नाही.

तुम्हाला झुडपी म्हणजे ओसाड माळ दिसतो. मुरमाड जमीन, बोरीची काटेरी जाळी, मधूनमधून दगडांचे ढीग, आणि वारुळं. वारुळंच वारुळं. अस्वलाला याहून भरलेला बाजार कुठला? दाट जंगलात सावली असते, पाणी असतं. पण वाळवी, बोरं आणि उन्हात तापलेल्या दगडांखालच्या मुंग्या झुडपीत असतात. रात्री अस्वल इथे येतं आणि पहाटे परत जातं. त्या परतीच्या वाटेवर तुम्ही लेआउट पाडले, ढाबे काढले, गिट्टीच्या खदानी दिल्या. मग ‘अस्वल गावात शिरलं’ अशी बातमी येते. गाव अस्वलात शिरलं, असं कुणी लिहीत नाही.

जंगल तोडलं तरी भरपाई वनीकरण होतं, असं उत्तर येईल. ते तयारच असतं. आम्हीही तयार आहोत. वारूळ रोपवाटिकेत मिळत नाही. मोहाचं झाड लावल्यापासून चांगलं फुलायला लागेपर्यंत लावणारा म्हातारा होतो. 1974 पासून वनविकास महामंडळानं मिश्र जंगल काढून सागाच्या रांगा उभ्या केल्या. साग मौल्यवान आहे, सरळ आहे, फर्निचरला उत्तम आहे. पण सागाच्या रांगेत अस्वलाच्या पोटाला काय मिळणार? टेंभरं नाहीत, चारं नाहीत, जांभळं नाहीत, उंबर नाही, बहाव्याच्या शेंगा नाहीत. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं, आणि त्या हिरव्याखाली उपाशी जनावर फिरतं. गडचिरोलीत लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी 937 हेक्टर जंगल वळवायला 2025 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. तोडायची झाडं एक लाखाच्या वर. त्या लाखात मोह किती आणि टेंभुर्णी किती, हे गडचिरोलीचे आमदार सभागृहात विचारतील का? उत्तर कुणाकडे तरी असेलच. प्रत्येक झाडाला नंबर टाकल्याशिवाय कुऱ्हाड लागत नाही.

वर 2023 ची वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती. तिनं नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित केलेल्या भागात सुरक्षा आणि सार्वजनिक सोयींच्या कामांसाठी 5 हेक्टरपर्यंत सूट देऊन ठेवली. पाच हेक्टर म्हणजे काय, असं मुंबईत बसून वाटतं. पाच हेक्टरांत एक डोंगरी, तिच्यातल्या दोन गुहा आणि तीन पिढ्यांची अस्वलीण बसते. असे पाच-पाच हेक्टरांचे तुकडे किती, याची बेरीज कोण करतं?

केंद्राचा विषय आहे, आमच्या हातात काय, असं म्हणू नका. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं वनं आणि वन्यप्राणी हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत गेले. राज्याला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी कुठे विरोध आला तर राष्ट्रपतींची संमती घेऊन तो राज्यापुरता टिकवता येतो, ही सोय घटनेच्या 254 व्या कलमातच आहे. आणि काही गोष्टींना तर सभागृहही लागत नाही. 1972 च्या कायद्याच्या कलम 36अ खाली सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करायला स्थानिक लोकांशी बोलावं लागतं आणि एक अधिसूचना काढावी लागते. 2020 मध्ये दोडामार्गात तिळारीला ते झालं. बुलढाण्यात का होत नाही? ज्ञानगंगा अभयारण्याच्या मधून खामगाव-बुलढाणा रस्ता जातो, बोथ्याच्या घाटात रात्री अस्वल आडवं जातं हे तिथल्या प्रत्येक ट्रकवाल्याला माहीत आहे. 205 चौरस किलोमीटरचं अभयारण्य बेटासारखं पडून आहे, आणि त्याच्या चारही बाजूंना शेतं.

कर्नाटकानं 1994 साली दरोजीला अस्वलांसाठी अभयारण्य केलं. तिथे घनदाट जंगल नव्हतंच, दगडांच्या टेकड्या आणि झुडपं होती. म्हणजे आपल्या झुडपीची सख्खी बहीण. गुजरातनं जेसोर आणि रतनमहालला तेच केलं. महाराष्ट्रात माळढोकाच्या नावानं अभयारण्य आहे, काळविटाच्या नावानं आहे. अस्वलाच्या नावानं नाही. रामायणात जांबुवंत वानरसेनेचा वडीलधारा सल्लागार होता. हनुमंताला त्याच्या बळाची आठवण त्यानंच करून दिली. त्याच्या वंशाला आपण सात-बारावर एक ओळही दिली नाही.

2025 च्या जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट या जंगलांनी त्यांना लिहितं केलं, आणि त्यांनी मराठीला जंगल वाचायला शिकवलं. श्रद्धांजल्या भरभरून वाहिल्या गेल्या. त्या खऱ्या होत्या का, हे ठरवायला आता एक विधेयक पुरे आहे.

विधेयकात काय असावं, हे आम्ही वकिलांना दाखवून मांडलं आहे. मसुदा तयार आहे, मागा म्हणजे पाठवू. त्याचा गाभा असा: प्रत्येक वनविभागात गुहांच्या टेकड्या, वारुळांची झुडपी, नाल्याकाठची फळझाडं यांचा नकाशा ग्रामसभेला सोबत घेऊन करायचा आणि तो ‘अस्वल अधिवास’ म्हणून अधिसूचित करायचा. त्या नकाशातल्या जमिनीवर खाण, खदान, लेआउट नाही. रस्ता किंवा कालवा टाळता येणारच नसेल तर आधी प्राण्यांची वाट, मग डांबर. पेंचजवळ महामार्ग 44 च्या खालून वन्यप्राण्यांचे भुयारी मार्ग झाले, वाघ त्यातून जाताना कॅमेऱ्यांत दिसले. त्यासाठी न्यायालयात भांडावं लागलं होतं, ते पुन्हा भांडायला लावू नका. मोह, टेंभुर्णी, जांभूळ, उंबर, बेहडा, बहावा या झाडांना सरकारी तोडीत हात लावायचा नाही, महामंडळाच्या जंगलातही नाही.

आणि माणसाचं. ते नसेल तर हा कायदा आम्हालाच नको. आज वन्यप्राण्यानं माणूस मारला तर घरच्यांना 25 लाख मिळतात. अस्वल बहुधा मारत नाही, ते चेहरा नेतं. चेहरा गेलेला माणूस जिवंत असतो, म्हणून तो स्वस्तात पडतो. डोळा, जबडा, ओठ यांच्या शस्त्रक्रिया एका खेपेत होत नाहीत. नागपूरच्या चकरा, सोबतच्याची बुडालेली रोजी, मग पुन्हा भरती. हा सगळा खर्च शेवटच्या टाक्यापर्यंत राज्यानं करावा, आणि पंचनाम्याची वाट न पाहता करावा, हे विधेयकात कलम म्हणून हवं. मोहाच्या झाडाखाली बांधायला जाळ्या द्या. जाळीत पडलेलं फूल उजाडल्यावर काढता येतं. मग वाकायला नको, पालापाचोळा जाळायला नको आणि अंधारात जायला नको. एका जाळीची किंमत मंत्र्यांच्या दौऱ्यातल्या एका चहापानापेक्षा जास्त नसेल.

दरवेशी आठवतात ना? अस्वलाच्या नाकात दोरी घालून गावोगाव नाचवणारे. पोराची भीती जावी म्हणून आयाबाया पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या आणि चार केस ताइतात घालून घ्यायच्या. मलाही बसवलं होतं, भीती काही गेली नाही. 1972 चा कायदा झाला तरी हे खेळ चालूच राहिले. शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं ते 2009 साली. मधली 37 वर्षं नुसत्या बंदीनं काही हललं नाही. अस्वलं नाचवणाऱ्या दरवेशी-कलंदरांच्या घरात दुसरा रोजगार आला, पोरं शाळेत गेली, तेव्हा दोऱ्या सुटल्या. म्हणून आम्ही उपचाराचं आणि जाळीचं कलम मागतो आहोत. ते गाळून फक्त बंद्या घातलेलं विधेयक आणलंत तर ते आम्हीच फाडू.

आता आमच्या माणसांना चार शब्द. तुम्ही माझ्याच गावचे आहात म्हणून सोडणार नाही. रानडुकरांसाठी खांबावर आकडा टाकून शेताभोवती जिवंत वीज सोडणं बंद करा. त्या तारेवर डुक्कर मरतं, अस्वल मरतं आणि शेजारचा शेतकरीही मरतो. पिठाच्या गोळ्यात बारूद भरून ठेवणाऱ्यांची नावं गावाला माहीत असतात. आजवर आपण गप्प बसलो. येत्या ग्रामसभेपासून ती नावं इतिवृत्तात येतील. अस्वल विहिरीत पडलं, घरात शिरलं की शंभर पोरं मोबाइल घेऊन घेराव घालतात. घेरलेलं अस्वल वाट शोधत जो समोर येईल त्याला फाडतं, आणि समोर बहुधा वनरक्षक असतो, ज्याच्या हातात काठीशिवाय काही नसतं. मोहासाठी आग लावणारा हातही आपलाच असतो. छत्तीसगडमध्ये बागबाहऱ्याजवळच्या चंडीमातेच्या देवळात अस्वलं प्रसादाला येतात, लोक दुरून नारळ टाकतात, हे पाहून आपल्याकडेही काही भाविकांना हुरूप आलेला आहे. अस्वलाला गूळ-खोबऱ्याची चटक लावू नका. आज हातातलं घेईल, उद्या घरातलं मागेल.

पश्चिमेकडच्या मंडळींनीही हे वऱ्हाड-झाडीचं गाऱ्हाणं म्हणून पान उलटू नये. चंदगड-आजऱ्याच्या काजूच्या बागांत आणि तिळारीच्या खोऱ्यात अस्वल आहे. पुढे गोव्याच्या म्हादईतही आहे. सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, हे 2024 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. विधेयक साऱ्या राज्याचं असेल. 62 नावं पुढे केली ती एवढ्याचसाठी की सुरुवात कुणाच्या तरी दारातून करावी लागते, आणि अस्वलाची सर्वात जास्त जमीन तुमच्या हाती आहे.

नागपूर शहरातले आमदार म्हणतील, आमच्या मतदारसंघात अस्वल कुठे? तुमच्या रस्त्याची गिट्टी कुठल्या टेकडीची आहे, ते पाहा. तुमच्या बंगल्यातल्या एसीची वीज चंद्रपूरच्या कोळशाची आहे.

तर मुदत संपल्यावर काय. 13 ऑक्टोबरला आमच्या आणि आमच्याबरोबर आलेल्या गावांच्या ग्रामसभेच्या भिंतींवर 62 नावांचा फलक लागेल. सही करणारे एकीकडे, न करणारे दुसरीकडे. पक्ष लिहिणार नाही, फक्त नाव आणि मतदारसंघ. तो फलक निवडणुकीपर्यंत राहील आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवला जाईल. त्याच आठवड्यात प्रत्येक वनविभागात माहितीच्या अधिकाराचे अर्ज पडतील: कुठल्या टेकडीवर कुणाला खदान दिली, गेल्या दहा वर्षांत फळझाडं किती तोडली, जखमींना पैसे किती दिवसांनी दिले. उत्तरं आली तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातील. नाही आली तर ती नाही आली हेच तिथे जाईल. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे. 2009 पासून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं तो कसा वापरायचा ते सगळ्या देशाला दाखवलं. आमच्या ठरावांच्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचतील: अस्वलाच्या नकाशातल्या जमिनीवर खाण-खदानीला आमची संमती नाही. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन ग्रामसभा झाली असं दाखवायचा प्रयत्न झाला, तर त्याचं चित्रीकरण आमच्याकडे असेल.

अधिवेशनात आमचा मोर्चा नागपूरला येणार नाही. टेकडी रोडच्या पोलिसांना एक काम कमी. तुम्ही नागपूरला असाल तेव्हा आम्ही तुमच्या गावात असू. तुमच्या संपर्क कार्यालयाच्या पायरीवर, रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, अस्वलानं फाडलेला एक चेहरा बसलेला असेल. घोषणा नाही, बॅनर नाही, मंडप नाही, परवानगी मागावी असं काहीच नाही. तुमचा स्वीय सहायक चहा देईल, तो आम्ही पिऊ. काम काय असं विचारलं तर म्हणू, साहेब परत आले की सांगू. अधिवेशन जितके दिवस चालेल तितके दिवस. कोण कुठे बसणार याची यादी झाली आहे. मावशींनी आमच्याच मतदारसंघाचं कार्यालय मागून घेतलं आहे. पदर तोंडाशी धरणार नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

भिंत पांढरी करून झाली आहे. पेंटरला आगाऊ पैसे दिले आहेत आणि रंगाचे दोन डबे आणून ठेवले आहेत, एक हिरवा, एक काळा. काळा मोठा घेतला आहे. दुकानदार म्हणाला, छोटा उघडला नाही तर परत घेईन, मोठा घेणार नाही.